आधी लाकूड, मग मासे

वाढदिवसाची भेट म्हणून, वास्तूसाठी म्हणून किंवा मुलांनी हट्ट धरला म्हणून हल्ली ओळखीच्या बऱ्याच घरांत माशांची काचेची पेटी दिसते. आपल्या जैन घरांतही दिसते. खरेदी बहुधा एकाच संध्याकाळी उरकलेली असते. टँक, रंगीत खडे, हवेचा पंप, पिशवीत बांधलेले सहा-आठ मासे आणि शोभेला एक वेडंवाकडं लाकूड. घरी येऊन रात्री नऊपर्यंत सगळं मांडून होतं, दिवा लागतो, फोटो निघतात. आठवड्याभरात पाणी चहासारखं दिसायला लागतं, लाकडावर पांढरा चिकट थर धरतो आणि एक-दोन मासे उलटे तरंगतात. मग दुकानदाराला फोन जातो. तिकडून उत्तर ठरलेलं असतं, "काकू, एखाद-दुसरा जातोच. नवीन घेऊन जा."

मला या "जातोच"बद्दल लिहायचं आहे. घरात मुंगी दिसली तर पाय उचलून चालणारे आपण. मग काचेच्या पेटीतला पंचेंद्रिय जीव गेला की तो "टिकला नाही" असं भाजी टिकली नाही इतक्या सहज कसं म्हणतो?

माझं मत असं की टँकमध्ये लाकूड घालायचं असेल, तर ते मासे येण्याच्या महिना-दीड महिना आधी घरात यायला हवं. तेवढ्या काळात ते घासायचं, उकळायचं, भिजवायचं, टँकमध्ये मुरवायचं, आणि शेवटी मासे आणायचे. ज्या घराला एवढं थांबणं जमणार नसेल त्या घराने लाकूड घालू नये, आणि खरं सांगायचं तर मासेही आणू नयेत.

मुळात पाळावेत का?

हा प्रश्न तुमच्यापैकी काहीजणी विचारणारच, म्हणून आधीच बोलते. अहिंसा अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. त्यांत बंध आहे, म्हणजे जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. अन्नपाननिरोध आहे, म्हणजे त्याच्या खाण्यापिण्यात अडथळा आणणं. काचेची पेटी हा बंधच आहे, तो कितीही सुंदर दिवा लावला तरी बदलत नाही. म्हणून हौस म्हणून नवीन मासे विकत आणू नयेत, हेच माझं पहिलं मत.

पण सगळ्या घरांत निर्णय आपल्या हातात नसतो. जावयाने भेट दिलेली असते, नातवाने पैसे साठवून आणलेले असतात, भाडेकरू जाताना टँक ठेवून गेलेला असतो. असे मासे दयेपोटी तळ्यात किंवा नदीत सोडून देणं हा उपाय नाही. दुकानातले बहुतेक मासे परदेशी जातींचे असतात. काही बाहेर जगत नाहीत, आणि जे जगतात ते तिथल्या माशांच्या मुळावर येतात. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे, तो असाच कोणीतरी सोडल्यामुळे. तेव्हा घरात आलेला जीव घरातच सांभाळायचा आणि त्याचा बंध होईल तितका सैल करायचा, एवढंच आपल्या हाती राहतं.

लाकडाचं महत्त्व इथे येतं. चारही बाजूंनी काच आणि डोक्यावर दिवा, अशा पेटीत माशाला लपायला जागा नसते. नदीत बुडालेल्या मुळाच्या आडोशाला राहणाऱ्या जातींना तो आडोसा लागतो. त्याशिवाय ते घाबरलेले राहतात आणि कमी खातात. एका चांगल्या लाकडाने सावली मिळते, दमदार माशापासून दुबळ्याला आड होता येतं आणि पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जीवाणूंना बसायला खडबडीत जागा मिळते. म्हणजे लाकूड माशासाठी आहे. दिवाणखान्याची शोभा हा त्याचा दुय्यम उपयोग. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढची सगळी मेहनत जाचक वाटत नाही.

कोणतं लाकूड घ्यावं

दुकानात ड्रिफ्टवुड या नावाखाली वेगवेगळी लाकडं मिळतात. दक्षिण आफ्रिकेकडचं मोपानी हे दोन रंगांचं, जड असतं आणि बहुधा लगेच बुडतं. मलेशियन म्हणून विकलं जाणारं गडद लाकूडही जड असतं. कोळ्याच्या पायांसारख्या बारीक फांद्यांचं स्पायडरवुड दिसायला सगळ्यांत छान, पण हलकं असतं, आठवडे-आठवडे तरंगतं आणि पांढरा थर सगळ्यांत जास्त त्यावरच येतो. (घरात बटाटा येत नाही आणि पाण्यात मूळ सोडलंय, असं आमच्याकडे एकदा चेष्टेत म्हणून झालं आहे.) दुकानदार "रेडी टू यूज" म्हणाला तरी त्यावर विसंबू नये. त्याच्याकडे ते कुठे पडलं होतं, त्यावर काय फवारलं होतं, हे आपल्याला दिसलेलं नसतं.

स्वतः शोधून आणायचं असेल तर नियम थोडे आहेत पण पाळायलाच हवेत. लाकूड कठीण असावं, पूर्ण मेलेलं आणि पूर्ण वाळलेलं असावं. ओल्या लाकडात रस असतो, तो पाण्यात कुजतो. पेरूची वाळून साल निघालेली फांदी मासे पाळणारे वापरतात, ती आपल्याकडे सहज मिळते. चिकाची झाडं पूर्ण वर्ज्य. शेर, रुई, कण्हेर यांच्या जवळही जाऊ नये. कडुनिंब माणसाला औषधी असला तरी त्यातली कीडनाशक द्रव्यं माशाला सोसत नाहीत. रिठ्याचंही तेच, त्याचा फेस माशाच्या कल्ल्यांना घातक असतो. चीड, देवदार अशी राळेची लाकडंही नकोत.

आमच्या सांगली-तासगावकडे द्राक्षबाग काढली की वेलीचे पिळदार बुंधे बांधावर पडलेले असतात आणि फुकट मिळतात. दिसायला इतके सुरेख की मोह होतोच. तो आवरावा. एक तर ते लाकूड पाण्यात लवकर कुजतं. दुसरं म्हणजे त्या वेलीवर वर्षानुवर्षं फवारण्या झालेल्या असतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं आणि तांबं पाण्यात उतरलं तर माशाला, गोगलगायीला, कोळंबीला ते विष आहे. उकळून तांबं जात नाही.

कोकणातून येताना समुद्रकाठी पांढरं, गुळगुळीत झालेलं लाकूड उचलून आणणारे पुष्कळ आहेत. त्यात मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं आणि भेगांत शिंपल्यांचे जीव चिकटलेले असू शकतात. गोड्या पाण्याच्या टँकसाठी ते न आणणं बरं. शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी अडकलेलं लाकूडही नको. पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते आपण पेपरात वाचतोच. जुन्या दाराच्या चौकटी, पॉलिश केलेले पाय, वाळवीचं औषध मारलेल्या फळ्या, हे सगळंही बाद.

आणि राखीव जंगलातून, अभयारण्यातून काही उचलू नये. परवानगीशिवाय तिथलं लाकूड आणणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे तर दिलेलं नसताना घेणं याला वेगळ्या कायद्याचीही गरज नाही, अचौर्य पुरेसं आहे. शिवाय जंगलातलं पडलेलं लाकूड रिकामं नसतं. कितीतरी जिवांचं ते घर असतं.

परीक्षा सोपी आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून बघा. सहज रुतलं तर ते आतून कुजलेलं आहे. नख मारून बघा, ओला हिरवा रंग दिसला तर कच्चं आहे. वास घ्या. आणि टेपने मापून घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावतं. त्यात लाकडाने अर्धी जागा खाल्ली तर मासे पोहणार कुठे? कोरडं असतानाच रिकाम्या टँकमध्ये ठेवून बघावं.

उकळण्याआधी

आता आपल्या घरांतला खरा अडसर. "पाणी गाळून पिणारे आपण, आणि लाकडातल्या किड्यामुंग्यांसकट लाकूड उकळायचं?" ही शंका रास्त आहे. काहीजणी म्हणतील, गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही, स्वयंपाकातही होतेच. मला हे पटत नाही. स्वयंपाक ही गरज आहे, टँक ही गरज नाही. हौसेसाठी होणारी हिंसा आरंभीच्या खात्यावर टाकणं म्हणजे घरखर्च धंद्याच्या वहीत लिहिण्यासारखं आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, मला ती नोंद चुकीची दिसते.

मग करायचं काय? भोकं, वारुळाची माती, भुसा दिसणारं लाकूड मुळातच घ्यायचं नाही, ते आहे तिथे राहू द्यायचं. घेतलेलं लाकूड गच्चीत जुन्या पांढऱ्या कापडावर, सावली-उन्हाच्या सीमेवर चार-पाच दिवस ठेवायचं. रोज एकदा उलटायचं, हळूच टिचकी मारायची. जे काही आत असेल ते आपण होऊन निघून जाईल. कापड पांढरं घ्यायचं कारण त्यावर चालणारं दिसतं. पाच दिवसांनंतरही भुसा पडत असेल तर आत कोणी राहतंय, असं लाकूड परत झाडाखाली नेऊन ठेवावं. दुकानातून आणलेलं असलं तरी. पैसे गेले तर गेले.

इथे एक कळकळीची सूचना. मुंग्या दिसल्या म्हणून लाकडावर फवारा मारू नका, खडूची रेघ ओढू नका. या औषधांत पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात आणि ती माशाला अत्यंत विषारी आहेत. मुंग्याही जातील आणि पुढे मासेही. टँक असलेल्या खोलीत डासांचा स्प्रेसुद्धा मारू नये तो याच कारणाने.

आणि हे काम चातुर्मासात काढू नये. पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, बुरशी धरते, जीवोत्पत्ती पुष्कळ होते, भिजवलेल्या बादलीवर डास येतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे कोरडे दिवस यासाठी उत्तम.

घासणं, उकळणं, भिजवणं

कोरड्या लाकडाची सैल साल, मऊ झालेले भाग बोथट सुरीने काढून टाका. टोकदार फांद्या पॉलिश पेपरने गोल करा, माशाचे पंख आणि डोळे त्यावर फाटतात. मग नायलॉनच्या ब्रशने साध्या पाण्याखाली घासा. साबण, भांड्यांची पावडर, फिनेल काहीही नको. लाकूड स्पंजासारखं सगळं पिऊन घेतं आणि नंतर टँकमध्ये सोडतं.

उकळायला स्वयंपाकाचं भांडं घेऊ नये, वेगळं मोठं स्टीलचं पातेलं ठेवावं. अडगळीतला तांब्याचा बंब किंवा पितळी हंडा काढायचा मोह होईल, पण त्यातलं तांबं पाण्यात उतरण्याचा धोका आहे. लोखंडी कढईत लाकडाचा अर्क काळा पडतो. लाकूड पूर्ण बुडेल एवढं गाळलेलं पाणी घ्या, उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा आणि तास-दोन तास उकळू द्या. ते पाणी काढून नवीन घ्या. असं दोन-तीन वेळा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं, दुसरं जरा फिकं, तिसरं आणखी फिकं येतं. त्याहून जास्त उकळत बसू नये, लाकूड मऊ पडून लवकर कुजतं. प्रेशर कुकरमध्ये तर कधीच नाही, सालीचा तुकडा शिट्टीत अडकला तर अपघात होईल. ओव्हन-मायक्रोवेव्हमध्येही नाही, लाकूड पेट घेऊ शकतं. मोठा तुकडा पातेल्यात मावत नसेल तर आधी एक टोक, मग दुसरं टोक उकळावं. तेही जमत नसेल तर टबात ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं आणि भिजवण्याचे दिवस वाढवावेत.

हे सगळं दिवसाउजेडी करावं, कारण दिव्याभोवतीचे किडे पातेल्यात पडतात. आणि उकळतं पाणी तसंच मोरीत ओतू नये. मोरीत, नाल्यात जीव असतात. निवू द्यावं आणि मग झाडांना घालावं. विहिरीचं पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी परत विहिरीत पोहोचवणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. त्यांना हे सांगावं लागलं नसतं.

यानंतर भिजवणं. स्वच्छ बादलीत लाकूड ठेवून वर वजन ठेवावं म्हणजे ते पाण्याखाली राहतं. कोरड्या लाकडाच्या छिद्रांत हवा असते, ती निघून पाणी भरेपर्यंत लाकूड तरंगणारच. जड लाकडाला आठवडा पुरतो, हलक्याला तीन-चार आठवडे. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं.

हा दोन दिवसांचा नियम मी मुद्दाम सांगते. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्याच्या कडेला, बादलीच्या भिंतीवर अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. बादली विसरली तर आपण आधी अळ्या जन्माला घालणार आणि मग त्या मारणार. त्यापेक्षा बादलीवर मलमलचं कापड बांधावं, पाणी दोन दिवसांनी काढावं आणि बादलीची आतली कड दर वेळी पुसून घ्यावी. जीव मारायची वेळच येऊ न देणं, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. भांडी रात्री उष्टी न ठेवण्यामागे हाच विचार असतो.

पाण्याचाही हिशेब करावा. दहा लिटरची बादली, तीन आठवडे, दिवसाआड पाणी, म्हणजे साधारण शंभर लिटर. पाणी तुपासारखं वापरावं असं ऐकत आपण वाढलो. तेव्हा हे शंभर लिटर कुंड्यांना, बागेला जायला हवं. त्यात तुरट अर्काशिवाय काही नसतं, झाडांना ते चालतं.

लाकूड आपोआप तळाशी बसलं आणि दोन दिवसांनीही पाण्याला फिकट रंगच आला, की भिजवणं झालं.

चहासारख्या पाण्याची भीती

लाकूड कितीही उकळलं तरी टँकमध्ये थोडा रंग उतरतोच. हा रंग टॅनिनचा. हिरड्यात, डाळिंबाच्या सालीत, चहात जी तुरट चव असते तीच ही. घाण नव्हे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ निग्रो नदी अशीच काळसर पाण्याची आहे आणि निऑनसारखे आपल्या टँकमधले कितीतरी टेट्रा मासे अशाच पाण्यातून आले आहेत. दक्षिण-पूर्व आशियातला फायटर मासाही पालापाचोळा कुजलेल्या उथळ पाण्यातला. त्यासाठी लोक देशी बदामाचं वाळलेलं पान मुद्दाम टँकमध्ये टाकतात. म्हणजे एकजण रंग विकत घेतो आणि दुसरा रंग दिसला म्हणून घाबरून सगळं पाणी एका दिवसात बदलतो. माशाला त्रास या दुसऱ्या प्रकाराने होतो. रंग आवडत नसेल तर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला.

टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लाकडे झुकतं. बोअरच्या जड पाण्यात हा फरक फारसा जाणवत नाही, मऊ पाण्यात जाणवतो.

लाकूड तरंगत असेल तर ते दगडाला बांधावं लागतं, आणि इथे आपल्याकडे हमखास कडाप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा सापडतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाणी जड करतात. दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा, बुडबुडे आले तर तो चुन्याचा. ग्रॅनाइटचा तुकडा किंवा आपला सह्याद्रीचा काळा दगड चालतो.

रिकामा टँक

लाकूड बादलीत भिजत असताना टँक रिकामा ठेवायचा नाही. त्यात पाणी भरून फिल्टर चालू करायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढणारं औषध घालायचं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच जाळतो. तो अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू फिल्टरमध्ये, खड्यांवर आणि लाकडावर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना सुरुवात मिळावी म्हणून दोन-तीन दिवसांनी माशांच्या खाण्याची चिमूट टाकतात. नव्या टँकमध्ये जे मासे "टिकत नाहीत" ते बहुतेक या अमोनियानेच जातात. लाकडाच्या रंगाने कोणी जात नाही.

भिजून झालेलं लाकूड मग याच पाण्यात ठेवायचं. आठ-दहा दिवसांत त्यावर पांढरा, शेवाळासारखा बुळबुळीत थर येईल. लाकडातली साखर खाणारी ती बुरशी आणि जीवाणू. माशाला सहसा अपाय करत नाहीत आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. लाकूड बाहेर काढून ब्रशने हलके घासलं तरी पुरे. मात्र लाकूड मऊ पडून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर ते काढून टाकावं, त्यात दुरुस्ती नाही. हे सगळं मासे नसताना घडून गेलं तर आपल्याला घाई होत नाही आणि त्यांनाही त्रास होत नाही. चाचणीच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार.

"एवढं कोण करणार?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. घरात माणसं कामाला जातात, महिनाभर बादली कोण सांभाळणार? त्यांना माझं उत्तर, मग लाकूड घालू नका. नारळाची करवंटी घासून, उकळून, कड गोल करून उलटी ठेवा, माशाला आडोसा मिळतो. झिलई किंवा रंग नसलेली मातीची कुंडी आडवी ठेवली तरी चालते. टँक थोडा कमी शोभेल. पण हौस करायची आणि तिच्यासाठी थांबायचं नाही, याला माझा विरोध आहे. थांबण्याची किंमत आपण चुकवली नाही तर ती माशाला चुकवावी लागते. त्याने तर काहीच मागितलेलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत तर मला हा महिना फार मोलाचा वाटतो. पाण्याचा रंग वहीत टिपायचा, लाकूड बुडलं का बघायचं, बादलीची कड पुसायची, ही कामं आठ वर्षांचं मूल आनंदाने करतं. पेटीत जीव आणण्याआधी त्याच्यासाठी महिनाभर राबलेलं मूल पुढे त्याचं खाणं विसरत नाही, आणि काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांना तेच अडवतं. काही मुलांचा हट्ट या महिन्यात विरूनही जातो. तसं झालं तर तेही चांगलंच. एक वाळलेलं लाकूड घरात राहील, त्यावर कुंडीत एखादं ऑर्किड लावता येईल. कोंडलेला जीव मात्र घरात नसेल.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात टँकचा विषय निघाला तर नाही म्हणायच्या आधी किंवा हो म्हणायच्या आधी एवढंच सांगा, दिवाळी होऊ दे, आधी लाकूड आणू, मग बघू.